मोठा बॉक्स, तीच गाडी

बुलढाणा जिल्ह्यात गावाचा पत्ता सांगताना तालुक्याच्याही आधी एक गोष्ट सांगितली जाते: घाटावर की घाटाखाली. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखालचे तालुके. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा हे घाटावरचे. मधे अजिंठ्याची डोंगररांग. रेल्वे, जुना सहा नंबरचा हायवे (आताचा ५३), खामगाव-मलकापूरच्या मोठ्या बाजारपेठा हे सगळं खाली. सोयाबीन, हरभरा, देऊळगाव राजाकडचे बियाण्यांचे प्लॉट वर. त्यामुळे माल वर्षभर चढत-उतरत राहतो, आणि तो वाहणारी गाडी आता बहुतेक वेळा पिकअपच असते.

मलकापूर समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आसपास आहे, बुलढाणा शहर साडेसहाशेच्या. राजूर घाटाने या किंवा खामगावहून बोथ्याच्या जंगलातून या, हे चारशे मीटर भरल्या हौद्यानिशी चढावेच लागतात. या रस्त्यांवर पिकअपचे दोन भाग सगळ्यात आधी हात टेकतात, क्लच प्लेट आणि गिअर बॉक्स. आधी तिसरा गिअर टाकताना खरखर होते, मग पाचवा आपोआप सुटायला लागतो, मग बॉक्स रडायला लागतो. एकदा उतरवून बेअरिंग बदलली, रिंगा बदलल्या. पुन्हा वर्ष-दीड वर्षाने तेच झालं की मालकाच्या मनात हमखास येतं की बॉक्सच बारका आहे, याच्या जागी मोठ्या गाडीचा दणकट बॉक्स बसवून टाकू, एकदाची कटकट मिटेल.

हा विचार काही बुलढाण्यातच निघालेला नाही. अमेरिकेत १९८९च्या मॉडेलपासून डॉज कंपनीने आपल्या पिकअपमध्ये कमिन्सचं सहा सिलिंडरचं ५.९ लिटर डिझेल इंजिन बसवलं. हेच इंजिन पुढे आपल्याकडे जमशेदपूरच्या टाटा कमिन्सने बनवलं आणि ते टाटाच्या मोठ्या ट्रकांत आलं. म्हणजे आपल्याकडे ट्रकात शोभणारं इंजिन तिकडे पिकअपमध्ये. त्याच्या पिळापुढे सुरुवातीचे गिअर बॉक्स कमी पडू लागले. मग कंपनीनेच बिडाच्या कवचाचा, साधारण ९० किलो वजनाचा पाच गिअरचा एनव्ही ४५०० नावाचा बॉक्स आणला, आणि जुन्या गाड्यांचे मालकही तो बसवून घेऊ लागले. हा बॉक्स खरोखर दणकट होता, पण त्याचीही एक खोड निघाली. ओझं ओढताना त्यातल्या पाचव्या गिअरचं मोठं नट सैल होऊन मागे सरकायचं आणि पाचवा गिअर गायब व्हायचा. दणकट बॉक्सलाही कमकुवत जागा असते, फक्त ती जरा उशिरा सापडते.

आपल्या महाराष्ट्रात बॉक्स बदलण्याचा सर्वांत मोठा प्रयोग गॅरेजवाल्याने केलेला नाही, कारखान्याने केला. महिंद्राने १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. पुढे या जीपला टी-९० नावाचा तीन गिअरचा बॉक्स होता. तो पेट्रोल इंजिनासाठी बेतलेला, आणि त्याच्या पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे वेग जुळवणारी रिंग, नव्हता, त्यामुळे चालत्या गाडीत पहिला टाकायचा म्हणजे डबल क्लच मारणं आलं. मग डिझेलचा जमाना आला. कंपनीने १९७९मध्ये फ्रान्सच्या प्यूजोकडून डिझेल इंजिनाचा परवाना घेतला, १९८२मध्ये कोरियाच्या कियाकडून चार गिअरच्या बॉक्सचा, आणि नंतर प्यूजोच्याच घराण्यातला बीए-१० हा पाच गिअरचा बॉक्स आला. इंजिन बदललं म्हणून बॉक्स बदलला, क्लच बदलला, मागच्या एक्सलचा पुन्हा विचार झाला. हा क्रम ध्यानात ठेवावा. गॅरेजमध्ये नेमका उलटा क्रम होतो. बाकी सगळं तेच ठेवून मधला एकच तुकडा बदलतात.

गिअर बॉक्सच्या पोटात काय असतं ते एकदा बघून घेऊ. मागची दोन चाकं ओढणाऱ्या पिकअपच्या बॉक्समध्ये तीन शाफ्ट असतात. क्लचमधून आत येणारा टॉप शाफ्ट, त्याच्याच रेषेत मागे मेन शाफ्ट, आणि या दोघांच्या खाली तेलात बुडालेला लेअर शाफ्ट. टॉप शाफ्ट लेअर शाफ्टला फिरवतो आणि लेअर शाफ्टवरची लहानमोठी चक्रं मेन शाफ्टवरच्या चक्रांना फिरवतात. पुष्कळांना वाटतं की दांडा हलवला की चक्रं सरकून एकमेकांत अडकतात. तसं पूर्वी व्हायचं. आता पुढे जाण्याच्या सगळ्या गिअरची चक्रं कायम एकमेकांत गुंतलेली असतात, पण मेन शाफ्टवरची चक्रं सुईसारख्या बारीक बेअरिंगवर मोकळी फिरत असतात. दांडा सरकवतो ती मधली एक बाही. ती ज्या चक्राला जाऊन मिठी मारते ते चक्र मेन शाफ्टशी जखडलं जातं. मिठी बसण्याआधी दोघांचा वेग सारखा व्हावा म्हणून मधे पितळी रिंग असते. तिलाच सिंक्रो म्हणतात, आणि कॅडिलॅक मोटारीत १९२८ साली ती पहिल्यांदा आली. गिअर टाकताना होणारी खरखर बहुतेक वेळा या रिंगेची झीज असते. दात शाबूत असतात.

चौथ्या गिअरची मात्र गंमत आहे. चौथा टाकला की बाही टॉप शाफ्ट आणि मेन शाफ्ट यांना थेट जोडून टाकते. लेअर शाफ्ट फिरत राहतो, पण त्याच्यावर ओझं काहीच नाही. पिकअपच्या बॉक्सला सर्वांत कमी त्रास चौथ्यात असतो. पाचव्यात पुन्हा सगळा भार लेअर शाफ्टवरून जातो, आणि अनेक बॉक्समध्ये पाचव्याची चक्रं शाफ्टच्या अगदी मागच्या टोकाला, मुख्य बेअरिंगच्या पलीकडे लटकवलेली असतात. पाचवाच आधी का सुटतो, त्याचं एक कारण इथे आहे.

आता घाटाचा हिशेब. बोलेरो पिकअपच्या २,५२३ घनसेंमी डिझेल इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा पीळ, साधारण २०० न्यूटन-मीटर. पुढचे आकडे मी हिशेबाला सोपे म्हणून घेतले आहेत, ते कुठल्या एका मॉडेलचे नाहीत. पहिल्या गिअरचं प्रमाण ४, दुसऱ्याचं २.३, तिसऱ्याचं १.५, चौथ्याचं १, पाचव्याचं ०.८, आणि मागच्या एक्सलच्या हाउसिंगमधल्या क्राउन-पिनियनचं, म्हणजे चाकांआधीच्या शेवटच्या गिअरजोडीचं, ४.५. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचे अठरा फेरे झाले की चाकाचा एक. वेग अठरा पटींनी घटला, पीळ अठरा पटींनी वाढला, ३,६०० झाला. त्यातले दहा टक्के घर्षणात गेले असं धरू. चाकाची त्रिज्या ३६ सेंटिमीटर धरली तर रस्त्यावर मिळणारी ओढ होते ९,००० न्यूटन, आपल्या भाषेत नऊशे किलोची. हीच ओढ दुसऱ्यात सुमारे ५२० किलो होते आणि तिसऱ्यात ३४०.

गाडी आणि माल मिळून वजन तीन टन आणि चढ दहा मीटरला एक मीटर असेल तर डोंगर तीनशे किलोने मागे खेचतो. टायरचा रस्त्याशी झगडा धरून आणखी पंचेचाळीस. एकूण ३४५. तिसऱ्या गिअरच्या ३४०ने हे भागत नाही, गाडी कण्हत कण्हत मंदावते, ड्रायव्हर दुसरा टाकतो. इंजिनाच्या मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर गाडी ताशी २६ किलोमीटरने वर जाते. आता त्याच हौद्यात दीड टन जास्तीचा माल भरा. मागे खेचणारा जोर होतो ५१७ किलो, म्हणजे दुसऱ्या गिअरची सगळी ओढ संपली. वळणावर चढ बारा टक्क्यांचा झाला की सहाशेच्या वर. मग पहिला, आणि ताशी पंधरा किलोमीटर.

या सगळ्या हिशेबात बॉक्स किती दणकट आहे याचा आकडा कुठे आला? कुठेच नाही. आलं ते फक्त प्रमाण. बॉक्स बिडाचा असो की अॅल्युमिनियमचा, दात बोटाएवढे असोत की अंगठ्याएवढे, प्रमाण तेच असेल तर गाडी तसूभरही जास्त ओढणार नाही. ओढ इंजिनातून येते. बॉक्स तिची वेगाशी अदलाबदल करतो आणि त्या व्यवहारात थोडी दलाली खातो. मोठ्या बॉक्सने गाडीची ताकद वाढेल अशी मालकाची समजूत असते. वाढते ती बॉक्सची सहनशक्ती.

ही सहनशक्ती मुख्यतः येते मेन शाफ्ट आणि लेअर शाफ्ट यांच्यामधल्या अंतरातून. अंतर जास्त तर चक्रं मोठी, चक्रं मोठी तर तेवढ्याच पिळाला दातांवरचा दाब कमी. दातांची रुंदी आणि बेअरिंगचा आकारही त्याच मापात वाढतो, म्हणून ढोबळमानाने अंतर दीडपट झालं तर बॉक्स तिपटीहून जास्त पीळ पेलतो. मोठ्या गाडीचा बॉक्स दणकट असतो तो असा.

इथे चतुर वाचक विचारेल की इंजिनाचा पीळ तर दोनशेच आहे, माल दीड टन जास्त भरला तरी इंजिन अडीचशे देणार नाही, मग ओव्हरलोडने बॉक्सला फरक काय पडतो? फरक पडतो वेळेचा. बॉक्स बेतणारा इंजिनिअर गृहीत धरतो की गाडीच्या आयुष्यात पहिला गिअर अगदी थोडा वेळ वापरला जाईल, फक्त हलण्यापुरता. त्या हिशेबाने तो पहिल्या-दुसऱ्याचे दात आणि बेअरिंग ठरवतो. तीच गाडी रोज घाटात पूर्ण पिळावर पहिल्या-दुसऱ्यात घुसमटत चढली तर वर्षानुवर्षांसाठी राखलेली शिदोरी काही महिन्यांत संपते. दुसरा मार बसतो चढावर गाडी उठवताना. इंजिन रेस करून क्लच झटकन सोडला की फ्लायव्हीलमध्ये साठलेला जोर एका क्षणात बॉक्सवर येतो, आणि तो इंजिनाच्या पिळापेक्षा कितीतरी जास्त असू शकतो. क्लच त्या वेळी थोडा घसरतो आणि मार मर्यादेत ठेवतो. क्लच प्लेट जळली म्हणून आपण शिव्या देतो, पण ती बऱ्याचदा पुढच्या महागड्या भागांना वाचवून जळालेली असते. क्लच जळतो म्हणून जास्त कडक प्रेशर प्लेट बसवणारे आहेत. त्यांनी फ्यूजच्या जागी जाड तार बांधली असं समजावं.

एवढं ऐकूनही कुणी म्हणेल की सहनशक्ती तर सहनशक्ती, बसवूच मोठा. तर मग बसवताना काय काय होतं ते बघायला हवं. अवघड भाग हाच आहे आणि गॅरेजच्या बाहेर त्याची कल्पना फारशी नसते.

उदाहरणाला टाटाच्या दोन गाड्या घेऊ. ४०७ आली १९८६मध्ये. एकूण वजन पाच टनांच्या आसपास असणारी ती गाडी. टाटाची पिकअप २०७ डीआय त्याहून बरीच हलकी, पण दोघींत २,९५६ घनसेंमीचं एकाच घराण्यातलं चार सिलिंडरचं इंजिन. घराणं एक असलं की बॉक्सचा पुढचा घंटेच्या आकाराचा भाग, म्हणजे बेल हाउसिंग, इंजिनाच्या पाठीवरच्या बोल्टांना जुळण्याची शक्यता वाढते. इंजिन एका कंपनीचं आणि बॉक्स दुसरीचा असेल तर मधे जाड पत्रा कापून अॅडॉप्टर प्लेट करावी लागते, आणि खरी अडचण तिथे सुरू होते. बॉक्सचा टॉप शाफ्ट इंजिनाच्या क्रँकशाफ्टच्या अगदी एका रेषेत हवा. चूक चालते ती साधारण मिलिमीटरच्या एका दशांशाएवढी. हे डोळ्याने कळत नाही, फ्लायव्हीलला डायल गेज लावून क्रँक हाताने फिरवून बघावं लागतं. गेज न लावता बोल्ट आवळून टाकला तर गाडी चालते, घरीसुद्धा जाते. मग काही महिन्यांत टॉप शाफ्टचं बेअरिंग आवाज करायला लागतं, क्लच प्लेटचा मधला भाग उखडतो, आणि पुन्हा दोष बॉक्सवर.

टॉप शाफ्टचं पुढचं टोक फ्लायव्हीलच्या मधल्या छोट्या पायलट बेअरिंगमध्ये बसतं. टोक काही मिलिमीटर आखूड पडलं तर ते अधांतरी डोलतं. लांब पडलं तर बोल्ट आवळताना क्रँकशाफ्टलाच पुढे रेटतं आणि इंजिनाची थ्रस्ट बेअरिंग खाऊन टाकतं. क्लच प्लेट तर दोन धन्यांची चाकर. तिचा घेर इंजिनाच्या फ्लायव्हीलला जुळायला हवा आणि मधले दाते बॉक्सच्या शाफ्टला. मोठ्या बॉक्सचा शाफ्ट जाड, त्यावरचे दाते वेगळ्या संख्येचे, म्हणजे प्लेट तिसरीच शोधावी लागते.

मग येतो मागचा भाग. मोठा बॉक्स लांब असतो, त्यामुळे बॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत जाणारा प्रोपेलर शाफ्ट कापून आखूड करायचा आणि लेथवर सरळ करून बॅलन्स करून घ्यायचा. शाफ्टच्या दोन टोकांना दोन क्रॉस, म्हणजे वळणारे सांधे, असतात. क्रॉस वाकड्या कोनात फिरताना वेग एकसारखा देत नाही, प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे-मागे होतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असले तर एकाची चूक दुसरा खोडून काढतो. बॉक्सखालची आडवी पट्टी जमेल तिथे वेल्डिंग करून बसवली आणि बॉक्सची शेपटी दोन बोटं खाली आली, तर हे गणित बिघडतं. साठच्या पुढे गेल्यावर पायाखाली थरथर जाणवते ती त्याची. त्याशिवाय दांडा केबिनमध्ये भलत्याच जागी निघतो, स्पीडोमीटर खोटं बोलायला लागतं, रिव्हर्स लाइटचा स्विच जुळत नाही. नव्या कॉमन रेल गाड्यांत तर क्लचचा आणि वेगाचा सिग्नल कॉम्प्युटरला लागतो, तो चुकला की बोर्डावर दिवा पेटलेला राहतो.

समजा, हे सगळं एखाद्या कसबी मिस्त्रीने नेटकं केलं. तसे मिस्त्री आपल्याकडे नक्की आहेत. तरी दोन प्रश्न उरतात.

पहिला प्रश्न, ती कमकुवत जागा कुठे गेली? साखळीतली सर्वांत बारीक कडी बॉक्स होता, तो जाड केला, तर आता पाळी पुढच्या कडीची. मोठ्या गाडीच्या बॉक्सचा पहिला गिअर बऱ्याचदा जास्त प्रमाणाचा असतो. मघाच्या अमेरिकन बॉक्समध्ये तो साडेपाचच्या पुढे आहे. चारच्या जागी सहाचं प्रमाण आलं की प्रोपेलर शाफ्टवर, क्रॉसवर आणि क्राउन-पिनियनवर येणारा पीळ दीडपट होतो. ते भाग चारच्या हिशेबाने बनवलेले आहेत. बॉक्स तुटायचा थांबतो आणि एक्सलमधून चाकाला फिरवणारा हाफ शाफ्ट तुटायला लागतो. फरक एवढाच की बॉक्स बिघडण्याआधी महिनाभर आवाज करून सांगतो, हाफ शाफ्ट मात्र भर चढावर एका कडाक्यासरशी जातो.

दुसरा प्रश्न माझ्या मते जास्त गंभीर आहे. चढण्याची सोय केली, उतरण्याचं काय? तीन टनांची गाडी चारशे मीटर खाली आणायची म्हणजे जवळजवळ बारा मेगाजूल ऊर्जा कुठेतरी जिरवायला हवी. तेवढ्या उष्णतेत पस्तीसेक लिटर पाणी उकळतं. त्यातला काही वाटा टायर आणि हवा खातात, बाकीचा ब्रेक आणि इंजिन यांनी वाटून घ्यायचा असतो. इंजिनाने आपला वाटा उचलावा म्हणून चढताना लागला तोच गिअर उतरताना ठेवायचा. आता मोठा बॉक्स आहे म्हणून गाडी आणि माल मिळून साडेचार टन केले तर जिरवायची ऊर्जा दीडपट, आणि ब्रेकचे ड्रम-डिस्क जुनेच. बॉक्स बदलणाऱ्या मालकाने ब्रेकही मोठे केले, असं फारसं कधी ऐकू येत नाही.

याच उतारावर एक वाईट खोड सर्रास दिसते. डिझेल वाचतं म्हणून न्यूट्रल करून, काही महाभाग तर इंजिन बंद करून गाडी सोडतात. डिझेल वाचत नाही. गिअरमध्ये गाडी उतरत असताना पाय अॅक्सिलरेटरवरून काढला की आजच्या डिझेल इंजिनात इंधन जाणं बंदच होतं. इंजिनाला चाकं फिरवत असतात. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला थोडं डिझेल लागतं. इंजिन बंद केलं तर ब्रेकच्या बूस्टरचा व्हॅक्यूम पंप थांबतो, दोन-तीनदा पाय दाबला की ब्रेक दगडासारखा होतो. या खोडीने बॉक्सचंही वाटोळं होतं, ते फार थोड्यांना ठाऊक असतं. बॉक्समध्ये तेलाचा पंप सहसा नसतो. खालचा लेअर शाफ्ट फिरताना तेल वर उडवतो, त्यावर मेन शाफ्टची बेअरिंग जगतात. इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये गाडी सोडली की लेअर शाफ्ट थांबतो, आणि मेन शाफ्ट मात्र चाकांच्या जोरावर मोकळ्या चक्रांच्या आत कोरडा फिरत राहतो. बंद गाडी लांब ओढून न्यायची असली की जाणता मिस्त्री आधी प्रोपेलर शाफ्ट सोडतो, तो याचसाठी. रोज घाटात असं उतरणाऱ्या गाडीचा बॉक्स वर्षभरात रडायला लागला तर तो बारका होता असं म्हणता येत नाही, आणि अशा गाडीला मोठा बॉक्स बसवणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

जिल्ह्यात आता घाटाच्या अगदी उलट स्वभावाचा रस्ताही आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ला सुरू झाला आणि मेहकर, सिंदखेड राजाकडची पिकअप तासन्‌तास एका वेगात धावायला लागली. इथे लागतो तो लांब पाचवा गिअर. ट्रकचा बॉक्स घेतला आणि त्यात वरचा गिअर थेटच असला, म्हणजे प्रमाण १, तर आपल्या हिशेबातल्या गाडीच्या इंजिनाला ताशी ८०ला मिनिटाला दोन हजार सहाशेच्या वर फेरे मारावे लागतात, ०.८च्या पाचव्यात एकवीसशेच्या थोडं वर भागतं. म्हणजे घाटासाठी घेतलेला बॉक्स समृद्धीवर डिझेल पितो. पण याची दुसरी बाजूही आहे. गाडी पूर्ण भरलेली, समोरून वारा, आणि ड्रायव्हर पाचवा सोडायला तयार नाही, इंजिन दबून गुरगुरतंय, अशा वेळी त्या टोकाला लटकलेल्या चक्रांवर सगळा भार असतो. तिथे चौथ्यात आलं तर डिझेल थोडं जास्त जाईल, पण बॉक्स सुटकेचा श्वास सोडेल.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२नुसार नोंदणीच्या कागदावरचा तपशील मूळ उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हे कलम कडकपणे वाचलं. गिअर बॉक्सचा नंबर आरसीवर नसतो, त्यामुळे त्याच मॉडेलचा बॉक्स बदलणं ही दुरुस्ती झाली. दुसऱ्या गाडीचा बॉक्स, कापलेला शाफ्ट, वेल्डिंग केलेली चॅसिस ही दुरुस्ती म्हणून खपवणं अवघड. फिटनेसला आणि अपघातानंतर विम्याच्या सर्व्हेअरपुढे उत्तर मालकालाच द्यावं लागतं, म्हणून असं काही करायचंच असेल तर आरटीओकडून आधी लेखी विचारून घ्यावं. आणि बॉक्स कितीही मोठा बसवला तरी आरसीवरचं भरलेल्या गाडीचं वजन एका किलोनेही वाढत नाही. ओव्हरलोडला २०१९च्या दुरुस्तीनंतर कायद्यात २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० असा दंड आहे. इंजिन, बॉक्स, एक्सल, ब्रेक हे सगळं एकत्र धरून पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत मॉडेल तपासलं जातं आणि मग ते वजन ठरतं. जास्त वजनच न्यायचं असेल तर कंपन्या आता तशा गाड्या विकतात. महिंद्राने २०२३मध्ये बोलेरो मॅक्स पिकअपची एचडी मालिका आणली, ती दोन टनांपर्यंत माल नेते. तिच्यात बॉक्सबरोबर बाकीचं सगळंही त्या वजनाचं असतं.

मग मोठा बॉक्स कधीच बसवू नये का? इंजिन बदललेली जुनी जीप, शेतातच राबणारी गाडी, आणि मालकाच्या खिशात एक्सल-ब्रेकसकट सगळं करण्याची तयारी असेल, तर त्याला अर्थ आहे. रोज राजूर घाट चढणाऱ्या पिकअपला माझ्या मते आहे तोच बॉक्स नीट बांधून घेणं बरं. नीट म्हणजे वाजणारं एक बेअरिंग बदलून परत लावणं नव्हे. सगळी बेअरिंग, पितळी रिंगा, सील आणि बाहीला सरकवणारे काटे एकदम. काटे झिजतात त्याला अर्धा जबाबदार ड्रायव्हरचा डावा हात. गाडी चालवताना दांड्यावर विसावलेला हात आत काट्याला सतत बाहीवर घासत ठेवतो, आणि मग गिअर सुटायला लागतो.

तेलातही घोळ होतो. एकच डबा आणून मागच्या एक्सलच्या हाउसिंगमध्ये आणि बॉक्समध्ये ओतायची पद्धत आहे. क्राउन-पिनियनला लागणारं जीएल-५ दर्जाचं तेल जास्त गंधक-फॉस्फरसवालं असतं, कारण तिथे दात एकमेकांवर जोराने घसरतात. यातली काही तेलं सिंक्रोच्या पितळाला मानवत नाहीत, म्हणून पुष्कळ बॉक्सना जीएल-४ सांगितलेलं असतं. डब्यावर दोन्हींच्या ८०-डब्ल्यू-९० असंच छापलेलं, त्यामुळे काउंटरवर फरक कुणाच्या लक्षात येत नाही. गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं तेल मागायचं. नाल्यातून गाडी काढली असेल तर बॉक्सच्या वरच्या श्वासनळीतून पाणी शिरतं आणि तेल दुधाळ होतं. तसं दिसलं तर वाट न बघता बदलायचं.

बांधलेल्या बॉक्सचं पहिलं तेल हजारेक किलोमीटरला काढावं आणि तेव्हा मालकाने स्वतः खाली वाकून बघावं. बऱ्याच बॉक्सच्या खालच्या बुचाला चुंबक असतं. त्यावर पिठासारखा मऊ, राखाडी लेप असेल तर नवे भाग एकमेकांशी जुळताहेत, घाबरू नये. बोटाला टोचणारा कण असेल तर दात किंवा बेअरिंग तुटायला लागलंय, बॉक्स पुन्हा उघडावा. पितळ चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे रिंगांची झीज बुचावर दिसणार नाही. ती बघायला जुनं तेल पसरट ट्रेमध्ये घ्यायचं आणि उन्हात तिरपं धरायचं. तळाशी सोनेरी चमचम बरीच दिसली तर गिअर टाकण्याच्या सवयीबद्दल ड्रायव्हरशी बोलायला हवं, आणि तेलाचा डबा कोणता आणला होता ते दुकानदाराला विचारायला हवं.